एकाच खड्ड्यातून गेलेली दोन चाकं

गणपतीला गावी जायचं म्हणजे आमच्याकडे गाडी आदल्या रात्रीच भरून ठेवतात, तशी याही वर्षी भरली होती. २५ ऑगस्ट २०२५, सोमवार, पहाटे चारला ठाण्यातून निघालो, चतुर्थी बुधवारी होती म्हणजे हातात दोन दिवस होते. मी चालवत होते, शेजारी बाबा, मागे आई आणि माझा मुलगा, आणि डिकीत कापडी मखर, टाळ, समया, तांदूळ, दोन बॅगा, आईची पीठं आणि सगळ्यात खाली स्टेपनी. गावी जाताना टायर बघितले होते का तर हो, बघितले होते, पंपावर हवा भरली होती, चारही चाकांत ३३. स्टेपनीत नव्हती भरली. हे मुद्दाम लिहितेय कारण पुढे ते महत्त्वाचं ठरलं.

पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे, इथपर्यंत पाऊस होता पण रस्ता दिसत होता. कोलाडच्या पुढे उजाडायच्या आतच पावसाने जोर धरला. पनवेल ते कन्याकुमारी जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग ६६, त्यातला पहिला ८४ किलोमीटरचा पळस्पे ते इंदापूर हा टप्पा रुंद करायचं काम २०११ ला सुरू झालं तेव्हा माझं लग्नही झालेलं नव्हतं. आता माझा मुलगा चौथीत आहे. दर गणपतीला आम्ही हाच रस्ता बघतो, कुठे सिमेंटचा गुळगुळीत पट्टा येतो आणि बरं वाटतं तोवर डायव्हर्जन येतं, आणि डायव्हर्जनवरून परत सिमेंटवर चढताना जो जोड असतो ना, तिथे डांबर उखडलेलं असतं. आमचा खड्डा तसल्याच जोडावर होता.

पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, मलाही माहीत होतं, पण तेव्हा रस्त्यावर सगळीकडेच पाणी होतं त्यामुळे एक डबकं दुसऱ्यासारखंच दिसत होतं. स्पीड पन्नासच्या आसपास असेल. डावीकडचं पुढचं चाक खाली गेलं आणि धाडकन असा आवाज आला की आई झोपेतून ओरडली. लगेच, अगदी क्षणभरात, मागून दुसरा आवाज आला, जरा कमी. तो दुसरा आवाज मी ऐकला होता, पक्का ऐकला होता, आणि तरी पुढचे दोन आठवडे मी त्याचा विचार केला नाही.

मी घाबरून ब्रेक दाबला होता आणि तो दाबलेलाच ठेवला. नंतर गॅरेजमधल्या मुलाने समजावलं की खड्डा दिसला तर आधी ब्रेक मारायचा, जितका स्पीड कमी होईल तितका करायचा, पण चाक खड्ड्यात पडायच्या क्षणी ब्रेक सोडायचा. ब्रेक दाबलेला असताना गाडीचं नाक खाली जातं, सगळा भार पुढच्या चाकांवर येतो, सस्पेन्शन आधीच दाबलेलं असतं, आणि मग खड्ड्याच्या पलीकडच्या कडेचा दणका झेलायला त्याला जागाच उरत नाही. मार चाक खाली पडताना नसतो, तो पलीकडच्या कडेवर चढताना असतो. ती कड आणि रिम यांच्यात टायर चिमटला जातो, दाराच्या फटीत बोट सापडावं तसा.

स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं. शंभरेक मीटरवर एक चहाची टपरी होती तिथे रस्त्याच्या पूर्ण खाली गाडी घेतली, हझार्ड लावले, आई आणि मुलाला उतरवून टपरीच्या पत्र्याखाली बसवलं. बाबा लाल त्रिकोण घेऊन मागे गेले. चाक पूर्ण बसलं होतं.

मग ती डिकी. पावसात, रस्त्याच्या कडेला, मखर आणि पीठं आणि सगळं बाहेर काढून टपरीत नेऊन ठेवलं, तेव्हा कुठे स्टेपनी दिसली. टपरीवाले काका स्वतःहून मदतीला आले. जॅक लावला तर तो ओल्या मातीत खचायला लागला, गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच खाली, तर काकांनी बाकाखालची एक जाड फळी आणून दिली, तिच्यावर जॅक ठेवला तेव्हा तो स्थिर झाला. त्याआधी बाबांनी हँडब्रेक बघितला, गाडी गिअरमध्ये टाकली, आणि समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या म्हणजे उजव्या मागच्या चाकाला पुढून मागून दगड लावले. बाबांनी आयुष्यभर गाडी चालवली आहे, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी चालवते, पण चाक बदलताना ते शेजारी उभे असले की मला धीर असतो.

पण जॅक लावायच्या आधीचा अडथळा नटांचा होता, ते काही केल्या सुटेनात. जॅकवर घ्यायच्या आधी नट सैल करायचे हे मला माहीत होतं, मी पान्यावर दोन्ही हातांनी जोर लावला, मग पाय ठेवून उभी राहिले, तरी एकही नट जागचा हलला नाही. कारण असं की सर्व्हिसिंगला टायर रोटेशन, म्हणजे चाकांची अदलाबदल, केलं तेव्हा हवेच्या गनने नट आवळले होते आणि नंतर हाताच्या पान्याने कोणी बघितलं नव्हतं. शेवटी भाजीची पिकअप घेऊन जाणारा एक मुलगा थांबला, त्याच्याकडे दोन फुटांचा लोखंडी पाइप होता, तो पान्याच्या दांड्यावर घातला आणि चारही नट एकेक करून कचकच आवाज करत सुटले. त्याला चहा घे म्हटलं तर थांबला नाही, म्हणाला ताई माल द्यायचाय. तेव्हापासून तसला पाइप माझ्या डिकीत असतो.

चाक काढून उलटं केलं तेव्हा पहिल्यांदा नुकसान दिसलं. बाहेरून बघाल तर रिमच्या कडेला नखाएवढा टवका उडालेला, बस. आतल्या बाजूला मात्र रिमची कड जवळजवळ चार बोटं लांबीत आत दबली होती, स्टीलच्या वाटीवर कोणी हातोडा मारल्यासारखी. गाडीला चाक लावलेलं असताना ही बाजू आपल्याला कधीच दिसत नाही.

स्टेपनी लावली. आमची स्टेपनी अलॉय म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची नाही, साधी लोखंडी रिम आहे आणि साइझ १८५/६५ आर १५, बाकी चारही १९५/५५ आर १६. हवा त्यात वीसच्या जवळपासच होती, हात लावल्यावर मऊ लागत होती. टपरीवाले काका म्हणाले, माणगावच्या अलीकडे पंक्चरवाला आहे, हळूहळू जा. निघायच्या आधी ते आणखी एक गोष्ट बोलले जी माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच खड्ड्यात शनिवारी रात्री एक बाइकवाला पडला होता, मागे बायको होती, नशीब की मागून काही येत नव्हतं. ते ऐकून बाबा काही बोलले नाहीत, टपरीमागे गेले, सागाची पानांसकट एक मोठी फांदी तोडून आणली, आणि मी मागून येणाऱ्या गाड्यांना मोबाइलचा टॉर्च दाखवत उभी असताना त्यांनी ती खड्ड्यात उभी केली, बुडाशी दगड रचले. मुलाने फांदीला मखराची लाल रिबीन बांधली. एका गणपतीच्या मखराला रिबीन कमी पडली, आईने एक शब्द काढला नाही.

पंक्चरवाल्याकडे पोचलो तेव्हा सात वाजले होते. त्याने आधी स्टेपनीत हवा भरली, मग खराब चाकात हवा मारून ते पाण्याच्या टाकीत बुडवलं. टायरच्या खाली, जिथे पंक्चर असतं तिथे, एक बुडबुडा नाही. बुडबुडे रिमच्या आतल्या कडेवरून, दबलेल्या जागेतून, रांगेने येत होते. ट्यूबलेस टायर रिमच्या कडेला घट्ट बसलेला असतो म्हणून हवा धरतो, कडच वाकली की हवा तिथून जाते, टायरला भोक नसलं तरी. मी म्हटलं घणाने ठोकून सरळ होईल का. तर तो म्हणाला, "ताई, लोखंडी डिस्क असती तर ठोकून दिली असती पाच मिनिटांत. ही अलॉय आहे, गार असताना ठोकली तर तडकते. आत्ता सरळ दिसेल, नंतर हायवेवर फुटेल. ठाण्याला मशीनवर करून घ्या." दीडशे रुपयांचं काम होतं त्याचं, पण त्याने ते केलं नाही. अशी माणसं आहेत.

मग त्याने टायर हाताने चाचपला. डोळ्याने मला काही दिसत नव्हतं, त्याने माझा हात धरून साइडवॉलवर एका जागी ठेवला, तिथे सुपारीएवढा उंचवटा होता. हवा भरल्यावरच तो वर आला होता. आतले धागे तुटलेत म्हणाला. टायरच्या बाजूच्या भिंतीत रबराच्या आत धाग्यांचे थर असतात, हवेचा सगळा ताण ते धरतात, कडेवर चिमटल्यावर ते तुटतात आणि मग उरतं नुसतं रबर, ते हवेच्या जोराने फुगतं. याला पंक्चरसारखी वात नाही, पॅच नाही, काही नाही. टायर बाद. तो कधी फुटेल हे कोणी सांगू शकत नाही, दोन दिवसांत किंवा दोन महिन्यांत. ज्यांच्या टायरला असा फुगा आला आहे आणि "चालतंय की" म्हणून जे चालवत आहेत त्यांना मी हात जोडून सांगते की चालवू नका.

तिथूनच इन्शुरन्सच्या नंबरवर फोन करून घटना कळवली, फोटो काढून ठेवलेलेच होते, खड्ड्याचे, चाकाचे दोन्ही बाजूंनी, जागेचे. क्लेम करायचा की नाही हे नंतर ठरवता येतं पण कळवायला उशीर केला तर तो प्रश्न निघतो. राष्ट्रीय महामार्गाची हेल्पलाइन १०३३ आहे, तिच्यावरही खड्ड्याची जागा सांगितली.

पुढचा प्रवास साठच्या स्पीडने केला. कशेडीचा बोगदा, परशुराम घाट, चिपळूण, आणि मग गुहागरच्या रस्त्याला आमचं गाव. पोचेपर्यंत दुपार झाली. पन्नास-साठ किलोमीटरवर बाबांनी एकदा थांबवून नट परत आवळायला लावले, चाक बदलल्यावर नट जागेवर बसतात आणि थोडे सैल पडतात म्हणून, आणि खरंच दोन नट पाव आटा फिरले.

गणपतीचे दिवस छान गेले, त्याबद्दल इथे लिहीत नाही. प्रश्न होता परतीचा. गाडीला स्टेपनी लागलेली म्हणजे डिकीत काहीच नाही, आणि त्याच रस्त्याने परत यायचं. माझ्या चुलतभावाकडे याच मॉडेलची गाडी आहे, त्याने त्याची स्टेपनी काढून दिली. सेम मॉडेल होतं म्हणून काम सोपं झालं, नाहीतर नुसते चार नट आहेत म्हणून कोणतंही चाक बसत नाही, समोरासमोरच्या दोन नटांच्या मध्यातलं अंतर, ज्याला पीसीडी म्हणतात, ते जुळायला लागतं, मधलं भोकही जुळायला लागतं.

३ सप्टेंबरला परत निघालो. येताना ती टपरी पलीकडच्या बाजूला होती, तरी वळून गेलो, कारण डिकी भरताना गडबडीत काकांची फळी आमच्याच गाडीत आली होती. खड्ड्यात खडी टाकून तो बुजवला होता, वर डांबर नव्हतं, नुसती खडी, आणि आमची फांदी कडेला काढून टाकलेली होती, रिबीन तशीच. काकांना फळी द्यायला गेले तर ते म्हणाले, राहू दे डिकीत, परत लागली तर कुठे शोधाल. नारळ आणि खाजा दिला त्यांना.

ठाण्यात आल्यावर पहिल्यांदा गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे रॅम्पवर घेतली तेव्हा कळलं की डावा लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, गेला आहे, त्याच्या टोकाच्या सांध्यात म्हणजे बॉल जॉइंटमध्ये खेळ आला होता, लोखंडी बारने हलवल्यावर टकटक वाजत होता. मला गाडी चालवताना खराब रस्त्यावर बारीक टकटक येत होती ती हीच. अलाइनमेंटच्या मशीनवर डाव्या चाकाचा अँगल लाल दाखवत होता. फक्त चाक बदलून मी तशीच फिरत राहिले असते तर नवीन टायर चार-पाच हजार किलोमीटरमध्ये एका कडेने घासून गेला असता.

एस्टिमेट आलं. नवीन अलॉय ९,२००, टायर ६,६००, लोअर आर्म २,६००, मजुरी वेगळी. ॲडव्हायझर म्हणाला क्लेम करून टाका ना मॅडम, कळवलेलं आहेच. मी घरी येऊन कागद घेऊन बसले, आणि हा हिशोब मी सगळा लिहितेय कारण मला तो कोणी करून दिला नाही, तुकड्यातुकड्याने विचारून जमवावा लागला.

आपल्या पॅकेज पॉलिसीत, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरणाऱ्या पॉलिसीत, टायरचं एकट्याचं नुकसान मिळतच नाही. त्याच वेळी गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायर धरतात आणि तेही किमतीच्या ५० टक्के. म्हणजे ६,६०० चे ३,३००. धातूच्या पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे घसारा कापतात, माझी गाडी ऑक्टोबर २०२१ ची म्हणजे तीन ते चार वर्षांच्या गटात, २५ टक्के. अलॉयचे ६,९०० आणि लोअर आर्मचे १,९५०. झाले १२,१५०. त्यातून छोट्या इंजिनच्या गाडीला १,००० रुपये कंपल्सरी वजावट, राहिले ११,१५०. एकूण १८,४०० मधून हे गेले तर माझ्या खिशातून ७,२५०. इथपर्यंत क्लेम फायद्याचा वाटतो.

पण नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट. चार वर्षांत मी एकही क्लेम केला नव्हता, ऑक्टोबरच्या रिन्यूअलला मला ४५ टक्के सूट मिळणार होती, क्लेम पास झाला की ती शून्य. माझा ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, प्रीमियम सूट धरायच्या आधी साधारण ७,००० आहे. पहिल्या वर्षी ३,१५० जातात. पुढच्या वर्षी मला ५० टक्के मिळाली असती त्याजागी २० मिळणार, गेले २,१००. मग ५० च्या जागी २५, मग ३५, मग ४५, असे १,७५०, १,०५० आणि ३५०. प्रीमियम दर वर्षी थोडा खाली येतो तो बाजूला ठेवू, मोटामोटी ८,४०० झाले. म्हणजे क्लेम करून मला खरा खर्च ७,२५० अधिक ८,४००, पंधरा हजार साडेसहाशे. त्यापेक्षा अलॉय नवीन न घेता रिपेअर करून घेतला, टायर आणि लोअर आर्म खिशातून घेतला, तर ११,४०० च्या आसपास. मी क्लेम मागे घेतला. कळवलेला पण पैसे न घेतलेला क्लेम मागे घेतला तर बोनस जात नाही, हे मी ईमेलवर लेखी घेतलं. ज्यांच्याकडे झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, आहे त्यांचा हिशोब वेगळा येईल, पण झिरो डेपमध्येही टायर सहसा नसतो, त्याला वेगळं टायर कव्हर घ्यावं लागतं, पॉलिसीचा कागद उघडून बघा.

टायर कंपनीची वॉरंटी विचारली का असं भावाने विचारलं. विचारली. दणक्याने आलेला फुगा हा बनावटीतला दोष धरत नाहीत, वॉरंटीत बसत नाही.

अलॉय रिपेअरवाल्याकडे मी स्वतः दोन तास बसून बघितलं, मला बघायचंच होतं. टायर उतरवून रिम मशीनवर चढवली आणि फिरवली, कडेला एक सुई टेकवली होती, दबलेली जागा आली की काटा झपकन हलायचा. मग दबलेल्या भागावर गॅसची ज्योत फिरवत राहिला, एका जागी न थांबता, आणि आतून हायड्रॉलिक जॅकने थोडं थोडं रेटत गेला. एका दमात नाही. रेटायचा, फिरवून काटा बघायचा, परत गरम करायचा. मधे एकदा मला वाटलं झालं, सरळ दिसतंय, तर तो म्हणाला डोळ्याला सरळ आहे, काट्याला नाही. शेवटी काटा जवळजवळ जागेवर थांबला तेव्हा त्याने रिम गार होऊ दिली, आतल्या बाजूला लाल रंगाचा स्प्रे मारला, थोड्या वेळाने पुसून वर पांढरा स्प्रे मारला. कुठे केसाएवढी चीर असेल तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. मी श्वास धरून बघत होते. काही उमटलं नाही. त्याने सांगितलं की कडेला चीर असती तर आर्गन वेल्डिंग करता आलं असतं पण आऱ्याला किंवा मधल्या भागाला चीर असेल तर तो वेल्डिंग करतच नाही, रिम भंगारात. २,२०० घेतले.

आणि मग त्याने विचारलं, "मागचं चाक आणलं नाही का?"

मी म्हटलं मागचं कशाला. तो म्हणाला, मॅडम, डावं पुढचं खड्ड्यात गेलं तर मागचं कुठून गेलं?

तेव्हा मला तो दुसरा आवाज आठवला. टपरीवर, पंक्चरवाल्याकडे, सर्व्हिस सेंटरला, घरी, सगळ्यांनी पुढचंच चाक बघितलं होतं, कारण बसलेलं तेच होतं. गाडी बाहेर उभी होती, त्याने गेज लावला, मागच्या डाव्यात २६. पंधरा दिवसांपूर्वी मी ३३ भरली होती, उजव्या मागच्यात अजूनही ३२ होती. चाक काढलं तर आतली कड दीड इंच लांबीत किंचित दबलेली, बोटाने लागत होती, डोळ्याने तिरप्या उजेडात दिसत होती. तिथून रोज थोडी थोडी हवा जात होती. आम्ही चौघं त्या चाकावर, भरलेल्या गाडीने, पावसात, ठाणे ते गुहागर आणि परत आलो होतो. नशिबाने त्या टायरला फुगा नव्हता, त्याने हवा भरून दोन्ही बाजू हाताने तपासल्या. ती रिम सरळ करायचे १,५०० झाले.

टायर घ्यायला गेले तर दुकानदार प्रामाणिक निघाला. नुकतंच जाहीर झालं होतं की २२ सप्टेंबरपासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के होणार, म्हणाला थांबलात तर एका टायरमागे पाचशे वाचतील. पण चुलतभाऊ तिकडे स्टेपनीशिवाय होता आणि मला रोज ऑफिसला गाडी लागते, नाही थांबले. एक घ्यायचा की दोन हा प्रश्न होता, जुन्या टायरांची नक्षी अर्धी संपलेली आणि एकाच बाजूला कोरा टायर असेल तर ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना गाडी सरळ राहायची खात्री नाही, म्हणून दोन घेतले. जोडी मागे लावायला सांगितली. बाबांचं म्हणणं नवीन टायर पुढे हवेत, पण पुढची चाकं घसरली तर स्टिअरिंगला कळतं आणि आपण स्पीड कमी करतो, मागची घसरली की गाडी गोल फिरते, सावरायला वेळच नसतो. टायरवर DOT अशी अक्षरं असलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात ते बघून घेतले, २२२५ म्हणजे २०२५ सालचा बाविसावा आठवडा, ताजा माल. निघालेल्या चांगल्या टायरचे त्याने ९०० दिले.

दुकानात उभी असताना मी विचारलं की आमच्यासारख्या १६ इंची रिमवर असं नुकसान जास्त होतं का. त्याने सांगितलं आणि मी घरी गुणाकार करून बघितला. १९५/५५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची १९५ च्या ५५ टक्के, १०७ मिलिमीटर. आमच्या स्टेपनीची, १८५/६५ ची, १२०. बाहेरून दोन्ही चाकं जवळजवळ तेवढीच मोठी, पण १५ इंचीत दणका खायला रबर आणि हवा तेरा मिलिमीटर जास्त आहे. शोरूममध्ये मोठे अलॉय बघून आम्ही वरचं मॉडेल घेतलं होतं. आमच्यासारखं ज्यांना वर्षातून तीन-चारदा कोकणात जायचं असतं त्यांनी १५ इंचीच घ्यावं असं मी आता कोणीही विचारलं तर सांगते.

बॅलन्सिंग, अलाइनमेंट झाल्यावर घोडबंदर रोडला नेऊन बघितली. ८० ला स्टिअरिंगमध्ये थरथर आली तर पुढचं चाक, सीटमध्ये आली तर मागचं, असं अलॉयवाल्याने सांगितलं होतं. दोन्हीत नव्हती. टकटकही गेली.

ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश आला, खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर घरच्यांना ६ लाख आणि जखमी झाला तर ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यायची. चाकाची भरपाई त्यात नाही, आणि मला ती नको पण आहे, आधी माणसं. मला तो वाचताना शनिवारी पडलेले ते नवराबायको आठवत होते, ज्यांचं नाव मला माहीत नाही आणि ज्यांना कदाचित हे माहीतही नसेल की आता मागता येतं.

पंपावरच्या मीटरवर भरवसा नको म्हणून पाचशे रुपयांचा हवेचा गेज घेतला आहे. दर रविवारी सकाळी गाडी गार असताना मुलगा पाच चाकांची हवा बघतो आणि वहीत लिहितो, पाचवी स्टेपनी. काल मागचं डावं ३३ होतं.